रिकाम्या खुर्च्या मांडणारा माणूस

मराठीत ‘खुर्ची’ म्हटलं की बसायची वस्तू आपल्याला आधी आठवतच नाही. खुर्ची मिळाली, खुर्ची गेली, खुर्चीसाठी पक्ष बदलला, हेच आधी आठवतं. लाकडाची आणि प्लास्टिकची खुर्ची त्यानंतर. आमच्या अर्धापुरात ती बिछायत केंद्रात थप्पी लावून ठेवलेली असते. लग्न असो, सप्ताह असो की प्रचारसभा, टेम्पोतून ती आधी पोचते आणि माणसं नंतर. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम कसा झाला हे सांगताना कुणी भाषण सांगत नाही. खुर्च्या भरल्या होत्या की रिकाम्या होत्या, एवढंच सांगतात.

या एवढ्या साध्या वस्तूवर एका माणसानं अख्खं नाटक उभं केलं. नाटकाचं नाव ‘खुर्च्या’. लेखक युजीन आयनेस्को. नाटकाच्या वर्गात ‘अॅब्सर्ड’ किंवा ‘असंगत नाट्य’ हा शब्द आला की बेकेटच्या पाठोपाठ याचं नाव येतं आणि नोट्समध्ये एका ओळीत संपतं. पण या माणसाचं आयुष्य त्या एका ओळीत मावत नाही, म्हणून हा लेख.

आयनेस्कोचा जन्म २६ नोव्हेंबर १९०९ रोजी रुमानियातल्या स्लातिना गावी झाला. वडील रुमानियन, पेशानं वकील. आई फ्रेंच घराण्यातली. पोरगं तान्हं असतानाच कुटुंब पॅरिसला गेलं. त्यामुळे त्याची पहिली भाषा फ्रेंच. (एक गंमत अशी की बरीच वर्षं पुस्तकांत त्याचं जन्मवर्ष १९१२ छापलं जायचं. हा घोळ खुद्द त्यानंच केला होता. एका समीक्षकानं नव्या, तरुण नाटककारांचं कौतुक केलं, तेव्हा यानं आपलं वय तीन वर्षांनी कमी करून टाकलं म्हणे.)

घरात सुख नव्हतं. पुढे त्यानं आठवणींत लिहून ठेवलंय, की लहानपणी एकदा वडिलांच्या बोलण्यानं आई इतकी तुटली की तिनं चांदीच्या पेल्यात आयोडीनची बाटली ओतली आणि पेला तोंडाला लावायला निघाली. वडिलांनी धावत जाऊन तिचा हात धरला. हे त्या लेकराच्या डोळ्यांसमोर झालं. तो पेला त्याच्याच बारशात भेट आलेला होता. वस्तू किती साधी आणि तिच्यात काय काय भरलेलं असू शकतं, हे या पोराला फार लवकर कळलं असावं. हा अर्थात माझा अंदाज. पण त्याची नाटकं वाचताना तो पेला डोक्यातून जात नाही.

१९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, वडील रुमानियाला परत गेले. त्यांचं पत्र नाही, निरोप नाही. इकडे पॅरिसमध्ये आईनं समजून घेतलं की नवरा लढाईत गेला. ती एकटी दोन लेकरं वाढवत होती. प्रत्यक्षात वडील बुखारेस्टमध्ये सुखरूप होते, पोलीस खात्यात अधिकारी झाले होते, बायकोच्या नकळत घटस्फोट घेऊन त्यांनी दुसरं लग्नही केलं होतं. मेलेला समजलेला माणूस जिवंत निघाला, आणि मुलांचा ताबाही कायद्यानं त्यालाच मिळाला. १९२२ साली तेरा वर्षांचा युजीन रुमानियाला आला. बाप अनोळखी, सावत्र आई अनोळखी आणि भाषाही अनोळखी. त्या वयात त्याला रुमानियन भाषा मुळापासून शिकावी लागली.

वडिलांचं म्हणणं होतं, मुलानं इंजिनिअर व्हावं. (हे वाचून नांदेडच्या कोचिंग क्लासमध्ये बसलेल्या निम्म्या पोरांना त्याचा पत्ता विचारावासा वाटेल.) मुलाला कविता लिहायच्या होत्या. भांडणं झाली, पोरगं घर सोडून निघालं. पुढे बुखारेस्ट विद्यापीठात त्यानं फ्रेंच साहित्य घेतलं. १९३४ मध्ये त्याचं ‘नू’ म्हणजे ‘नाही’ या नावाचं पुस्तक आलं. त्यात त्यानं तेव्हाच्या मोठमोठ्या रुमानियन लेखकांना झोडपलं, आणि पुढे त्यातल्याच एकाला आधी वाईट आणि मग थोर ठरवून दाखवलं. समीक्षेत काहीही सिद्ध करता येतं, हे त्याला दाखवायचं होतं. पंचविशीतला आगाऊपणा म्हणा हवं तर. पुस्तकाला बक्षीसही मिळालं.

बापाबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आयनेस्कोनं नंतर वडिलांबद्दल जे लिहिलं, त्याचा सारांश असा की ते कायम सत्तेत असेल त्याच्या बाजूनं राहिले. सरकार कुणाचंही येवो, उजव्यांचं की डाव्यांचं, जे राज्य करतं ते बरोबर, असा त्यांचा हिशेब. तत्त्व म्हणून नाही आणि नुसता स्वार्थ म्हणूनही नाही. राज्य करतो तो बरोबरच असला पाहिजे, असं त्यांना खरोखर वाटायचं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर बाप पक्षाचा नव्हता, खुर्चीचा होता.

आणि मग बापासारखी माणसं त्याला सगळीकडे दिसायला लागली. १९३०च्या दशकात रुमानियात ‘आयर्न गार्ड’ ही कडवी, ज्यूद्वेष्टी संघटना वाढत होती. सुरुवातीला विद्यापीठातली सगळी मित्रमंडळी तिला हसायची. मग एकेक जण म्हणू लागला, की त्यांचं सगळं पटत नाही, पण अमुक एक मुद्दा बरोबर आहे. काही महिन्यांनी तोच माणूस पूर्ण तिकडचा. मिर्चा एलियादे आणि एमिल चोरान ही पुढे जगभर गाजलेली नावं. हे दोघंही त्याच्या पिढीचे, आणि दोघंही त्या काळात त्या लाटेत वाहून गेले. रोज चहाला बसणारा माणूस डोळ्यांदेखत दुसराच कुणीतरी होतो, याची भीती आयनेस्कोच्या मनात कायमची बसली. वीसेक वर्षांनी तिचं ‘गेंडा’ हे नाटक झालं. त्यात एका गावातली माणसं एकामागून एक गेंडे बनत जातात.

१९३६ मध्ये त्यानं रोदिकाशी लग्न केलं. त्याच वर्षी आई गेली. १९३८ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला पीएचडी करायला गेला. विषय होता बोदलेरनंतरच्या फ्रेंच कवितेतलं पाप आणि मृत्यू. तो प्रबंध त्यानं कधीच लिहिला नाही. युद्धात पुन्हा रुमानियात अडकला आणि १९४२ मध्ये कसाबसा फ्रान्सला निसटला. पण निसटला तो कसा? काही दिवसांतच तो व्हिशी इथल्या रुमानियन वकिलातीत नोकरीला लागला. म्हणजे ज्या जर्मनीधार्जिण्या सरकारची त्याला शिसारी होती, त्याचाच पगार खाऊ लागला. त्याचे चाहते हे पान पटकन उलटतात. मला वाटतं उलटू नये. जीव वाचवायला माणूस काय काय करतो हे त्याला बाहेरून नाही, आतून माहीत होतं, आणि म्हणूनच ‘गेंडा’मधला शेवटचा उरलेला माणूस काही हिरो वाटत नाही. तो घाबरलेला, दारुडा, ऑफिसात उशिरा पोचणारा कारकून आहे. सगळे गेंडे झाल्यावर आपल्यालाही शिंग का फुटत नाही, याचं त्याला वाईटही वाटतं.

युद्धानंतर पॅरिसमध्ये हाती काही नाही. घरात बायको आणि १९४४ मध्ये झालेली मुलगी. एका प्रकाशनात प्रूफं तपासायची नोकरी. वय चाळिशीकडे चाललेलं. नाटककार वगैरे व्हायचं त्याच्या मनातही नव्हतं, उलट नाटक बघताना त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. लहानपणी पॅरिसच्या बागेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मात्र तो तासन्‌तास बघत बसायचा.

मग १९४८ मध्ये त्यानं ठरवलं, इंग्रजी शिकायचं. आपल्याकडे जसं रॅपिडेक्सचं पुस्तक, तसं तिकडे ‘असिमिल’ नावाचं स्वयंशिक्षक होतं. तो इमानदारीत वाक्यं वहीत उतरवून पाठ करू लागला. आठवड्यात सात दिवस असतात, जमीन खाली असते, छत वर असतं, असली वाक्यं. पुस्तकात नवरा-बायको एकमेकांना आपलं आडनाव, आपला गाव, आपल्याला किती मुलं आहेत हे सांगतात. इंग्रजी त्याला आलं नाही. पण माणसं आपसात जे बोलतात त्यातलं बरंचसं असंच असतं, दोघांनाही आधीच माहीत असलेलं, हे लख्ख दिसलं. त्यातून पहिलं नाटक झालं. एका नटाची तालमीत जीभ घसरली, सोनेरी केसांच्या शिक्षिकेऐवजी तो टकली गायिका म्हणून गेला, आणि आयनेस्कोनं तेच नाव नाटकाला दिलं. नाटकात टकली गायिका येतच नाही. ११ मे १९५० ला पहिला प्रयोग झाला. जाहिरातीला पैसे नव्हते म्हणून नट स्वतःच पुढेमागे पाट्या अडकवून रस्त्यावर फिरले. तरी प्रेक्षक फारसे आले नाहीत.

आता ‘खुर्च्या’.

पहिला प्रयोग २२ एप्रिल १९५२, पॅरिसचं तेआत्र लांक्री. समुद्रानं वेढलेला एक मनोरा. आत म्हातारा-म्हातारी. म्हातारा ९५ वर्षांचा, म्हातारी ९४ची. म्हाताऱ्यानं आयुष्यभर किरकोळ काम केलं, साधा रखवालदार होता. पण त्याच्याकडे जगाला सांगण्यासारखं काहीतरी आहे, असं दोघांनाही वाटतं. आज रात्री तो संदेश द्यायचाय. सगळ्यांना आमंत्रणं गेलीत. स्वतःला नीट बोलता येत नाही म्हणून म्हाताऱ्यानं एक वक्ता ठरवलाय.

बेल वाजते. म्हातारा दार उघडतो. कुणीच नाही. म्हणजे आपल्याला कुणी दिसत नाही. दोघं मात्र आलेल्या बाईंचं स्वागत करतात, विचारपूस करतात आणि म्हातारी आतून खुर्ची आणते. पुन्हा बेल. एक कर्नल. पुन्हा खुर्ची. मग म्हाताऱ्याची जुनी मैत्रीण नवऱ्यासोबत. बेल वाजायचा वेग वाढत जातो. म्हातारी या दारानं आत जाते आणि त्या दारानं खुर्ची घेऊन बाहेर येते, धापा टाकत, चेंगरत. चाळीसेक खुर्च्या होतात, रंगमंचावर पाय ठेवायला जागा उरत नाही. गर्दी एवढी होते की म्हातारी थिएटरातल्या बाईसारखी कार्यक्रमपत्रिका आणि गोळ्या विकत फिरते. शेवटी महाराज येतात. तेही अदृश्य, नुसता उजेड.

वाचायला हे थोडं वेडगळ वाटतं. पण करून बघा. एका रिकाम्या खुर्चीकडे बघून एखादा चांगला नट बोलायला लागला, की तिसऱ्या मिनिटाला तुम्हाला तिथे माणूस दिसू लागतो. तिची पाठ कुणीकडे वळलीय, ती दुसऱ्या खुर्चीपासून किती लांब आहे, यावरून तो माणूस रागावलाय की लाजलाय तेही कळतं. कपाटाला हे जमत नाही, टेबलाला जमत नाही. खुर्चीला पाठ असते, पाय असतात, हात असतात. ती बसलेल्या माणसाच्या मापानंच बनवलेली असते. म्हणून ती रिकामी असली की फक्त रिकामी नसते, कुणीतरी नाही हे सांगत असते. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस गेल्यावर ओसरीवरच्या त्याच्या खुर्चीत बरेच दिवस कुणी बसत नाही. ते कुणी शिकवलेलं नसतं.

वर्गात ‘खुर्ची म्हणजे एकटेपणाचं प्रतीक’ असं एका वाक्यात लिहून मार्क मिळतात. आयनेस्कोला स्वतःला एवढंच पुरेसं वाटत नव्हतं. पहिला दिग्दर्शक सिल्व्हँ दोम याला लिहिलेल्या पत्रात त्यानं समजावलं होतं, की नाटकाचा विषय म्हाताऱ्याचा संदेश नाही, म्हातारा-म्हातारीचं फसलेलं आयुष्यही नाही. विषय खुद्द खुर्च्या आहेत, म्हणजे माणसांचं नसणं, पोकळी. म्हणून खुर्च्या येण्याचा वेग कमी करायचा नाही, संख्या कमी करायची नाही. वस्तू वाढत जातात आणि माणसाला जागा उरत नाही, हे त्याच्या पुढच्या नाटकांतही दिसतं. कुठे चहाचे कप वाढत जातात, कुठे नव्या भाडेकरूचं फर्निचर जिना, रस्ता आणि नदीही अडवून टाकतं, कुठे घरातलं प्रेत दिवसेंदिवस लांब होत जातं.

पण मला या नाटकात चटका लावते ती दुसरीच गोष्ट. गर्दी वाढल्यावर म्हातारा आणि म्हातारी एकमेकांपासून तुटतात. तो एका खिडकीपाशी, ती समोरच्या. मधे खुर्च्याच खुर्च्या. दोघं एकमेकांना हाका मारतात, पण पोचता येत नाही. नव्वदी पार केलेलं, आयुष्यभर फक्त एकमेकांच्या आधारानं जगलेलं जोडपं, आणि त्यांना वेगळं करतात त्यांनीच आणलेल्या रिकाम्या खुर्च्या. वक्ता आल्यावर, आता संदेश जगाला कळणारच या समाधानात, दोघं आपापल्या खिडकीतून खाली पाण्यात उडी घेतात. सोबत मरायचंही राहून जातं.

मधेच एक जागा अशी आहे की पटकन निसटून जाते. म्हातारी एका पाहुणीला सांगत असते, आम्हाला मुलगा होता, सात वर्षांचा असताना आमच्यावर रुसून निघून गेला. त्याच वेळी दुसरीकडे म्हातारा दुसऱ्याला सांगत असतो, आम्हाला मूलबाळ झालंच नाही. मी स्वतः मात्र माझ्या मरणाऱ्या आईला खड्ड्यात सोडून आलो. खरं कुणाचं, नाटक सांगत नाही. पण बाप निघून गेलेल्या, आईला मागे ठेवून परक्या देशात पोचलेल्या मुलानं हे लिहिलंय, हे माहीत असलं की ती दोन वाक्यं वेगळी ऐकू येतात. आणि आपल्या बाजूला ती ऐकू यायला आयनेस्कोचं चरित्र माहीत असायचीही गरज नाही. अर्धापूरच्या आसपास केळीच्या बागा आहेत, घरं पक्की झालीत, आणि पोरं पुण्याला, हैदराबादला. दिवाळीत चार दिवस घरातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर निघतात. मग पुन्हा आत, एकात एक घालून. सांजच्याला दारात दोघंच बसलेले असतात.

शेवटी वक्ता. तो मात्र खराखुरा, हाडामांसाचा नट असतो. तो रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहतो, तोंड उघडतो आणि कळतं की तो मुका-बहिरा आहे. घशातून नुसते आवाज निघतात. मग तो फळ्यावर काहीतरी लिहितो, पण त्या अक्षरांना अर्थ लागत नाही. तो निघून गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांतून कुजबुज, खोकला, हसणं ऐकू येतं. संपूर्ण नाटकात पहिल्यांदाच.

त्या पहिल्या प्रयोगात ९४ वर्षांची म्हातारी झालेली चिला शेल्तन ही नटी फक्त ३२ वर्षांची होती. तिनं कमाल केली असं म्हणतात, पण बघायला होतं कोण? रिकाम्या खुर्च्यांवरचं नाटक रिकाम्या खुर्च्यांसमोरच चाललं. समीक्षकांपैकी अनेकांना राग आला, थोड्या लेखकांनी बाजू घेतली, नाटक बंद पडलं. १९५६ मध्ये जाक मोक्लेर यानं ते पुन्हा उभं केलं, म्हातारी पुन्हा शेल्तनच. या वेळी ज्याँ अनुई या तेव्हाच्या बड्या नाटककारानं ‘ल फिगारो’ या दैनिकात त्याच्यावर भरभरून लिहिलं. एका दैनिकातल्या एका लेखानं थिएटर भरलं. (आमच्या संपादकांनी हे वाक्य जरूर वाचावं.)

त्यानंतरचं आयुष्य पटापट सांगता येईल, कारण त्यात यशच जास्त आहे. १९५७च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या ला ह्युशेत थिएटरात ‘टकली गायिका’ आणि ‘धडा’ ही दोन नाटकं एकत्र लागली आणि उतरलीच नाहीत. ‘गेंडा’ १९५९ मध्ये आधी जर्मनीत झालं, १९६० मध्ये पॅरिसला ज्याँ-लुई बारोनं केलं आणि त्याच वर्षी लंडनला लॉरेन्स ऑलिव्हिएनं त्यात काम केलं. ‘अॅब्सर्ड’ हे लेबल मार्टिन एस्लिन या समीक्षकानं १९६१च्या पुस्तकानं पक्कं केलं. आयनेस्कोला ते फारसं आवडलं नाही. याच दशकात मुंबईत विजया मेहता यांनी ‘रंगायन’मधून हे नाटक ‘खुर्च्या’ याच नावानं मराठीत आणलं.

आणि १९७० मध्ये त्याला फ्रेंच अकादमीवर निवडलं. या अकादमीत बरोबर चाळीस सदस्य असतात. एक गेला की त्याच्या जागी दुसरा, आणि त्या जागेला नंबर असतो. आयनेस्कोला सहा नंबरची जागा मिळाली. आयुष्यभर खुर्चीला घाबरलेला माणूस तलवार लटकवून, हिरवी नक्षी काढलेला कोट घालून तिथे जाऊन बसला. तो थकला म्हणा किंवा त्याला आवडलं म्हणा. मला वाटतं, आवडलं. लहानपणी एका देशातून दुसऱ्या देशात ढकलल्या गेलेल्या पोराला कुणीतरी नंबर टाकून जागा दिली होती.

शेवटच्या वर्षांत लिहिणं कमी झालं, तो चित्रं काढायचा. २८ मार्च १९९४ रोजी पॅरिसमध्ये तो गेला. ८४ वर्षांचा होता. माँपारनासच्या कब्रस्तानात त्याला पुरलंय.

ला ह्युशेत थिएटर लहान आहे, शंभराच्या आत खुर्च्या. कोरोनाचा काळ सोडला तर त्याची ती दोन नाटकं तिथे आजही चालू आहेत. ‘खुर्च्या’ करायला मात्र पॅरिसला जायला नको. तीन नट, काही दारं, दोन खिडक्या, एक फळा आणि चाळीस खुर्च्या. युवक महोत्सवासाठी एकांकिका शोधणाऱ्या ग्रुपनी बिछायतवाल्याशी आधी बोलून ठेवावं. लग्नाची तारीख असेल त्या दिवशी एकही खुर्ची मिळत नाही.